वनवासी राजाबरोबर तीन गावं

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण नवऱ्याबरोबर दौऱ्यावर जायचा योग काही आला नव्हता. आमचे हे संगीत नाटकातले नट. वर्षातले आठ महिने ते कुठल्या ना कुठल्या गावात राजे असतात. उरलेले चार महिने पुण्यात आमच्या दोन खोल्यांत बसून गुळण्या करतात आणि माझ्या आमटीला नावं ठेवतात. मला राजा कधी मिळाला नाही, गुळण्याच मिळाल्या.

यांची कथा थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अकराव्या वर्षी घरातून पळाले ते थेट नाटक कंपनीत. आवाज गोड आणि चेहरा गोरा, म्हणून सात वर्षं बायकांच्या भूमिका केल्या. आमच्या लग्नात माझ्या आत्याने यांना निरखून पाहिलं आणि विचारलं, "जावईबापू, तुमच्या त्या अंजिरी शालूचं पुढं काय झालं हो?" अजूनही नऊवारी नेसावी तर यांनीच. माझा काष्टा पाहून ते अशी मान हलवतात की मला पुन्हा नेसावंसं वाटतं. मग मिशा आल्या, आवाज फुटला, तो पुन्हा जुळून आला आणि हे नायक झाले. तेव्हा एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर पडायचे. लोक 'वन्समोअर' म्हणून ओरडायचे, नटाने ते पद पुन्हा म्हणायचं, आणि नाटक संपता संपता गवळी दूध घेऊन यायचे. पुढे गावोगावी सिनेमा पोचला. चाळीस माणसांची कंपनी चौदावर आली आणि राजवाड्याच्या पडद्याला ठिगळं पडली.

त्या वर्षी, म्हणजे एकाहत्तर साली, माघात कंपनीला नगर जिल्ह्यातले तीन प्रयोग मिळाले: मिरजगाव, पाथर्डी आणि घोडेगाव. निघायच्या आठ दिवस आधी आमचे प्रॉम्प्टर बापूराव माळ्यावरून हंडा काढताना पडले आणि पाय मोडून बसले. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत वही घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच सांगायचा. त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "तूच चल. 'शीलध्वज' तुला पाठ आहे."

पाठ कसं नसेल? 'संगीत शीलध्वज' अठ्ठावीस वर्षं आमच्या घरात घोकलं जात होतं. आमच्या शेजारच्या पोपटालाही त्यातली एक साकी, म्हणजे छोटं पद, येत होती.

दुसरी गोष्ट त्यांनी ताक पिता पिता सांगितली. मुलींच्या एका शाळेत गाण्याच्या मास्तरची जागा होती. मुख्याध्यापिकाबाईंना दौरा संपला की उत्तर हवं होतं. हे म्हणाले, "या तीन प्रयोगांत एक तरी वन्समोअर आला तर नाटक चालू. नाही आला तर तोंडाला रंग लावणं बंद. मास्तरकी धरतो."

मी त्यांना आणखी ताक वाढलं. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. नवरा घरी! रोज संध्याकाळी साडेपाचला, पिशवीत भाजी घेऊन! मी त्याच रात्री गणपतीला एकवीस दूर्वांच्या एकवीस जुड्या बोलले की बाबा रे, एवढ्या तीन गावांतले लोक जरा गप्प ठेव. हे पाप आहे हे मला कळत होतं, पण अठ्ठावीस वर्षं वाट पाहिलेली बायको काय काय मागू शकते हे गणपतीलाही कळत असणार.

मिरजगाव

नगरपर्यंत एस.टी.ने गेलो आणि तिथून सामानाच्या टेम्पोत बसलो. नगरपासून तासाभरावर टेम्पोचं चाक बसलं. स्टेपनी काढायची तर सिंहासन खाली उतरवावं लागत होतं, म्हणून ते सोनेरी सिंहासन रस्त्याच्या कडेला बाभळीखाली ठेवलं. शेजारच्या शेतात हुरडा चालला होता. तिथल्या माणसांनी कणसं भाजून, ती चोळून, लसणाच्या चटणीबरोबर आम्हाला पानांवर आणून दिली. पुण्यात पाहुण्याला चहा द्यायचा तरी आधी 'घेणार का' असं विचारतात. इथं विचारायची पद्धतच नाही, हातात ठेवूनच मोकळे. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी सिंहासनावर बसले आणि हुरडा खाऊ लागले. तेवढ्यात सोलापूरची एस.टी. आली. डाव्या बाजूची सगळी डोकी खिडकीतून बाहेर आली. मी डाव्या हाताने पदर सावरला आणि उजव्या हाताने राणीसारखा आशीर्वाद दिला. हे लाजून टेम्पोच्या मागे गेले. मी इतकी हसले की हुरड्याचा दाणा घशात अडकला आणि आमच्या गणपतने पाठीत धपाटा घालून तो काढला.

गणपत म्हणजे कंपनीचा पडदा ओढणारा. साठीचा, सडपातळ, जिल्ह्यातलाच, बोलायला एकदम मोकळा. चाक बदलेपर्यंत मी बापूरावांची वही चाळत बसले. तीन पदांच्या शेजारी तांबड्या पेन्सिलीने लिहिलं होतं: 'ग. मागे.' मी गणपतला विचारलं, हे काय रे? त्याने वही पाहिली. वाचता येत नव्हतं त्याला, पण तांबडी पेन्सिल त्याने ओळखली. त्याचा चेहराच उतरला.

"वैनीसाहेब, कुनाला सांगू नगा," तो कुजबुजला. "बापूराव इशारा करत्यात. मंग मी पडदा बांधून मागच्या अंगाला जातो आन् वन्समोर वरडतो. एकानं वरडलं का बाकीचे वरडत्यात. सात वर्सं झाली. भाऊसाहेबास्नी ठावं न्हाई."

भाऊसाहेब म्हणजे आमचे हे. कंपनीत त्यांना सगळे तसंच म्हणतात. मी सिंहासनावर बसल्या बसल्याच गार झाले. सात वर्षं! सात वर्षं दौऱ्यावरून आले की हे मला सांगायचे, अमक्या गावी दोन आले, तमक्या गावी एक आला, आणि मी त्यांना शिरा करून घालायचे. तो शिरा खरं तर गणपतला द्यायला हवा होता.

गणपतने विचारलं, "मंग, मिरजगावला जाऊ का मागं?"

मी म्हटलं, "नको. तू आपला पडदा ओढ."

खोटं करणं बरं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. पण खोटं कशाला बोलू, मला ती साडेपाचची भाजीची पिशवी दिसत होती.

मिरजगावात आमची उतरायची सोय हौसाबाईंकडे होती. त्या गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची बायको. त्यांनी शिपी आमटी केली होती. ती पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणते आणि दुसऱ्या घासाला आणखी मागायला लावते. आमच्यात आमटीत गूळ घालतात हे ऐकून हौसाबाईंना माझी दयाच आली. पहाटे मला जाग आली तर मागच्या शेतात हे खर्जात सूर लावत होते. ज्वारीच्या कडेला, कानाला मफलर गुंडाळून, एकटेच. घरी मी त्या आवाजाने वैतागून डोक्यावर पांघरूण ओढायची. त्या दिवशी मात्र मी गोठ्याच्या दाराशी बराच वेळ उभी राहिले.

प्रयोग शाळेच्या पटांगणात झाला. दोन गॅसबत्त्या आणि हजारभर माणसं. मी विंगेत स्टुलावर. दुसऱ्या अंकात शीलध्वज राजा राज्य गमावून रानात फिरतो आणि 'कोण पुसे वनवासी नृपाला' हे पद म्हणतो. हे पद म्हणजे यांचं हुकमी पान. हे गायले, आणि चांगले गायले. पद संपलं. 

एक टाळी नाही. खोकलासुद्धा नाही. हजार माणसं हात जोडून बसली होती. एक म्हातारी उठली, रंगमंचापाशी आली, फळीला डोकं टेकवलं आणि परत जागेवर जाऊन बसली. राजा तसाच उभा. शेवटी पेटीवाल्याने पुढचा सूर दिला म्हणून नाटक पुढे सरकलं.

सकाळी मी हौसाबाईंना विचारलं, तुम्हाला गाणं आवडलं नाही का? त्या भाकरी थापता थापता थांबल्या.

"आवडलं न्हाई कसं? लई ग्वाड. पर बुवानं अभंग म्हनला का आपन गप ऱ्हायचं. पुन्हा म्हना म्हनायचं व्हय? पाप लागंल की."

म्हणजे यांच्या गाण्याचं तिथं कीर्तनच झालं होतं. यांना सांगितलं तर म्हणाले, "हं. एक गेला." आणि मोजायला एक बोट मिटलं. माझ्या एकवीस जुड्यांपैकी सात वसूल झाल्या होत्या. पण मला वाटलं होतं तेवढा आनंद काही झाला नाही. म्हटलं, प्रवासाने थकले असेन.

पाथर्डी

पाथर्डीकडे जाताना माळ लागतो, मग आणखी माळ लागतो, आणि मग कुठेतरी एखादी जीप धुरळा उडवत येते. तिच्यात आत जेवढी माणसं तेवढीच बाहेर लोंबकळणारी. पाथर्डीत आम्ही उतरलो त्या धर्मशाळेच्या शेजारच्या बाईने सांगितलं की निम्मं गाव कारखान्यावर ऊस तोडायला गेलंय, पाडव्याच्या आसपास परत येईल. घरी उरलेत ते म्हातारे आणि पोरं. म्हणजे आमचे प्रेक्षक सत्तरीच्या पुढचे नाहीतर दहाच्या आतले. हे ऐकून आमच्या यांनी दाढी करायचा साबण पुन्हा पेटीत ठेवला. मग थोड्या वेळाने काढला.

जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं आणि असा एक ठेचा की नायिकेची भूमिका करणारी आमची शालन पाणी पाणी करत अंगणभर फिरली. त्या धावपळीत तिच्या नऊवारीचा काष्टा सैल झाला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं पहिल्या अंकात, भर दरबारात. राजा सिंहासनावरून खाली उतरला, "प्रिये, जवळ ये," असं नाटकात नसलेलं वाक्य म्हणाला, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून तीन झटक्यांत तिचा काष्टा असा पक्का खोवून दिला की ती पुढचे तीन अंक उड्या मारू शकली असती. मी विंगेत वहीत तोंड खुपसून हसत होते. सात वर्षं बायकांची कामं केलेली अशी कामाला आली.

पोरं रंगमंचावर चढू लागली. गणपत त्यांच्यावर असा कडाडला की पहिली रांग मागे सरकून तिसरी झाली. नंतर दुसरा अंक आला आणि 'कोण पुसे वनवासी नृपाला' सुरू झालं. हे फाटकी कफनी घालून, धनुष्यावर रेलून, डोळे मिटून गात होते. शेवटच्या ओळीला पुढच्या रांगेत हालचाल झाली. तीन म्हातारे उठले. एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या हातात हार, तिसऱ्याच्या हातात गुलाबी कापड. ते सरळ पायऱ्या चढून रानात आले.

मला वाटलं, आग लागली की काय. त्यातला मोठा म्हातारा राजासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "महाराज, कोन पुसतं म्हंता? आमी पुसतो."

आणि त्यांनी तिथंच, भर वनवासात, राजाच्या जटांवर गुलाबी फेटा बांधायला सुरुवात केली! दोघं धरतायत, एक गुंडाळतोय. नारळ हातात, हार गळ्यात. पटांगणभर टाळ्या. राजाने डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर हसू फुटलं असतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. म्हातारे नमस्कार करून खाली गेले आणि पुढचा सगळा अंक, म्हणजे भूक, तहान, पुत्रशोक, विषप्राशन, हे यांनी नवरदेवाचा फेटा बांधून केलं. शोक इतका मनापासून केला की मागच्या म्हाताऱ्या रडत होत्या. मी वहीमागे हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि त्यातलं हसण्याचं पाणी कुठलं नि दुसरं कुठलं हे मला सांगता आलं नसतं. अठ्ठावीस वर्षं हा माणूस असा जगत होता आणि मी घरी बसून त्याच्या गुळण्या मोजत होते. माझा मलाच राग आला.

रात्री धर्मशाळेत मी म्हटलं, आला की वन्समोअर. एवढ्या टाळ्या झाल्या. फेटा काय, नारळ काय.

"फेटा म्हणजे वन्समोअर नव्हे," हे म्हणाले. "त्यांनी राजाला मान दिला. गाणं पुन्हा मागितलं नाही."

फेटा मात्र त्यांनी उशाशी घेऊन ठेवला. दुसरं बोट मिटलं आणि कूस बदलली. मला झोप आली नाही. मी अंथरुणातूनच गणपतीला सांगितलं की बाबा, चूक झाली, दूर्वा देते, पण बोललेलं मागे घेते. असं मागे घेता येतं का हे कुणाला विचारावं ते कळेना.

घोडेगाव

घोडेगावचा जनावरांचा बाजार पाहिला नाही तो माणूस गर्दीबद्दल बोलायला नालायक. बैल, म्हशी, शेळ्या, कडब्याच्या गाड्या, शिंगांना लावलेला तांबडा रंग, आणि सगळीकडे धूळ. आमचा प्रयोग दुपारी तीनला ठेवला होता, कारण बाजार उठला की माणसं गावोगाव पांगतात. दोन ट्रॉल्या जोडून रंगमंच केला होता.

सकाळीच मी गणपतला गाठलं. म्हटलं, आज मागे जा. पहिल्या अंकापासून जा. गणपतने तोंड उघडलं आणि आतून फक्त वारा आला. पाथर्डीच्या पोरांवर ओरडून त्याचा घसा पार बसला होता. तो गळ्याला हात लावून केविलवाणा उभा राहिला. मी त्याला हळदीचं दूध पाजलं, लवंग दिली, काही उपयोग झाला नाही. सात वर्षं ओरडणारा माणूस नेमका त्याच दिवशी मुका झाला होता.

बाजारात यांच्याबरोबर फेरी मारली. एका म्हाताऱ्याचं, दगडूबाबा त्यांचं नाव, एका खिलार बैलाशी बराच वेळ काही चाललं होतं. बैल एकदा चालवून दाखवला. दगडूबाबांनी पायाचे खूर पाहिले, मागून पाहिलं, आणि म्हणाले, "पुन्यांदा चालव." बैलवाल्याने पुन्हा चालवला. शेजारचा एक बैल एकदाच चालला होता, तो परत खुंट्याला बांधला गेला. मी विचारलं, एकदा पाहिला तरी पुन्हा कशाला?

दगडूबाबा हसले. "न आवडल्याला कोन पुन्यांदा चालवतंय, बाई? मनात भरलं तरच पुन्यांदा बघायचं."

बैलवालाही हसत होता. पुन्यांदा म्हटलं की त्याला कळत होतं की बैल जाणार. आमचे हे त्या बैलाकडे वळून वळून बघत होते. मग म्हशीच्या दुधाचा चहा घेतला. चहा इतका दाट होता की पुण्यात त्याची बासुंदी झाली असती.

तीन वाजले. उन्हात यांच्या तोंडाचा रंग वितळत होता. रानाचा पडदा वाऱ्याने फुगत होता, आणि पहिल्या अंकातल्या आलापाला एका म्हशीने इतकं सुरात उत्तर दिलं की पेटीवाल्याने तिच्याकडे वळून मान डोलावली. दुसरा अंक जवळ आला. आज कोणी पुन्हा मागितलं नाही तर संपलं. हे शाळेत सा रे ग म शिकवतील, साडेपाचला भाजी आणतील, आणि उशाशी तो गुलाबी फेटा घेऊन झोपतील. मला ते चित्र मुळीच बघवेना. मी उठले, वही गणपतच्या हातात दिली, आणि म्हटलं, धर, मी आले. घसा बसलेला आणि वाचता न येणारा प्रॉम्प्टर! पण तेव्हा मला ते सुचलंच नाही. मी डोक्यावरून पदर घेतला, ट्रॉलीच्या मागून वळसा घातला आणि बायकांच्या घोळक्यात अगदी मागे जाऊन बसले. ओरडायचं ते मीच.

'कोण पुसे वनवासी नृपाला' सुरू झालं. माझ्या पुढ्यात पुरुषांच्या कडेला दगडूबाबा बसले होते. त्यांचा नवा बैल त्यांच्या मागे बांधलेला. पहिलं कडवं झालं. हे नेहमीच्या सवयीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेकडे पाहायला वळले. तिथं मी नव्हते. तिथं गणपत होता, आणि त्याने वही उलटी धरली होती.

ते अडले.

पहिली ओळ त्यांनी पुन्हा घेतली. पेटीवाला त्यांच्या मागे गेला. पुन्हा तीच ओळ. गणपत विंगेतून हात हलवत होता, तोंड उघडत होता, आवाज शून्य. तिसऱ्यांदा तीच ओळ आली आणि मला यांच्या कपाळावरचा घाम तिथून दिसला. मी ताडकन उठून उभी राहिले. 'वन्समोअर' म्हणायला आले होते मी, आणि माझ्या तोंडून सगळ्या बाजारात घुमेल अशी पुढची ओळ आली:

"दूर घरी तो दीप जळतसे!"

हजार डोकी मागे वळली. दगडूबाबांचा बैलही वळला. मी पदर तोंडात धरून उभी. आमच्या यांनी मान वर केली, त्या गर्दीवरून मला शोधलं, आणि ती ओळ उचलली. काय सांगू! घरी शंभरदा ऐकलेली ओळ ती. त्या दिवशी ती पहिल्यांदा गायली गेली. आवाज वरच्या षड्जावर गेला आणि तिथं थांबला, आणि बाजारातली एकही घंटा वाजली नाही. मी रडत होते हे मला शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा कळलं.

पद संपलं. मी श्वास घेतला, ओरडायला तोंड उघडलं, आणि माझ्या आधी पुढून एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"पुन्यांदा चालवा!"

दगडूबाबा उभे राहिले होते. हात वर करून, सकाळी बैलवाल्याला म्हटलं होतं अगदी तसं. मागून दुसरा आवाज आला, "पुन्यांदा!" मग तिसरा, मग सगळा बाजार. आमचे हे क्षणभर थांबले. मग वितळलेल्या रंगातून असे हसले की त्यांचे सगळे दात दिसले. राजा वनवासात होता हे ते साफ विसरले. पेटीवाल्याने सूर दिला आणि हे पुन्हा गायले, आणि पुन्हा एकदा गायले, आणि घोडेगावचा बाजार त्या दिवशी उशिरा उठला.

परतीच्या एस.टी.त हे खिडकीशी बसले होते, फेटा मांडीवर. नगरच्या अलीकडे ते बोलले.

"गणपत ओरडला नाही यावेळी."

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. हे शांतपणे बाहेर बघत होते. म्हणाले, "गणपतचा आवाज मी पहिल्या दिवसापासून ओळखतो. तो कधीकधी पद संपायच्या आधीच ओरडतो. बापूरावांना वाटायचं मी खूश होतो, म्हणून मीही खूश व्हायचो. पण एकदा खरं काय ते बघायचं होतं. बापूरावांच्या जागी कंपनीतलं कुणीही बसवलं असतं, तर त्याने गणपतला पाठवलंच असतं."

"म्हणून तुला नेलं," ते म्हणाले. "मला घरी आणायला टपलेली तू एकटीच आहेस. तू त्याला पाठवणार नाहीस याची मला खात्री होती."

 अठ्ठावीस वर्षं मी समजत होते की मी यांना ओळखते. मग त्यांनी विचारलं, "पण तू विंग सोडून मागे काय करत होतीस?"

"विंगेत डास होते," मी म्हटलं.

दुपारी तीन वाजता, रणरणत्या उन्हात, डास! पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पुण्याला आल्यावर मुख्याध्यापिकाबाईंना नकाराचं पोस्टकार्ड मीच माझ्या हाताने लिहिलं, आणि गणपतीला एकवीस जुड्यांऐवजी बेचाळीस जुड्या वाहिल्या, एकवीस आधीच्या आणि एकवीस क्षमेच्या. बापूरावांचा पाय आता बरा झालाय, पण वही माझ्याकडेच आहे. तांबडी पेन्सिल मी खोडून टाकली.

मी तिथं ओरडायलाच गेले होते, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला की ते वाचतील आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतील. तेव्हा मी हळूच, प्रॉम्प्टरच्या आवाजात सांगणार आहे, "अहो, पण माझ्या आधी दगडूबाबा ओरडले."